माल हलाल, सौद्याचं काय? सोलापूरच्या इमाम-खतीब साहेबांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील मशिदींचे इमाम, खतीब, मुतवल्ली आणि मुफ्ती साहेबान

अस्सलामु अलैकुम.

विनंती आधीच सांगतो, म्हणजे पत्र अर्ध्यात ठेवून दिलं तरी ती राहून जायची नाही. जुम्याच्या बयानात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, महिन्यातून एकदा तरी खरेदी-विक्रीचे मसले घ्या. नमाज, रोजा, जकात, हज यांवर आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. फिक्हच्या, म्हणजे इस्लामी कायदाशास्त्राच्या, ग्रंथांतलं ‘किताबुल बुयू’, म्हणजे खरेदी-विक्रीचं प्रकरण, मात्र मदरशाच्या वर्गातच राहतं. ज्यांना त्याची रोज गरज, त्या आम्ही दुकानदारांनी, अडत्यांनी, कारखानदारांनी, गाडीवाल्यांनी त्याची दोन पानंही कधी ऐकलेली नसतात.

मी सोलापुरात चादरी आणि टॉवेल विकतो. आलिम, म्हणजे धर्मशास्त्राचा पंडित, नाही. जे समजलं ते उलेमांच्या किताबांतून आणि त्यांना विचारून समजलं. माझी मांडणी कुठे कमी पडली तर जरूर दुरुस्त करा. पत्र मराठीत आणि उघड लिहिलं आहे. ज्यांच्याशी आपला रोजचा सौदा होतो तो बार्शी-मोहोळचा शेतकरी, पूर्व भागातला पद्मशाली विणकर, गड्ड्याच्या यात्रेला आलेलं गिऱ्हाईक यांनाही कळू दे, की आपल्या दीनने त्यांचा हक्क किती बारकाईने लिहून ठेवला आहे. उद्या त्यांनी आम्हाला जाब विचारला तर तो त्यांना विचारता आला पाहिजे.

आज हलाल-हरामची चर्चा आपल्या घराघरांत आहे. बिस्किटाच्या पुड्यावर ई-471 छापलंय, ती चरबी कुठली? कॅप्सूलचं जिलेटिन कशाचं? लाल रंगातलं ई-120 म्हणजे किड्यापासून काढलेला रंग, तो चालतो का? मोबाइलवर याद्या फिरतात, बायका दुकानात पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचतात. हे रास्तच आहे. पोटात काय जातं हे माणसाने पाहिलंच पाहिजे. माझी तळमळ पुढची आहे. ज्या पैशाने ते पाकीट घेतलं तो पैसा कुठल्या सौद्यातून आला, हे कुणी उलटं करून वाचत नाही.

मालाबद्दलचा हुकूम तसा स्पष्ट आहे. हिजरी 8 मध्ये मक्का जिंकल्यावर रसूलुल्लाह (पैगंबर मुहम्मद) सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी दारू, मेलेलं जनावर, डुक्कर आणि मूर्ती यांची विक्री हराम ठरवल्याचं त्यांचे सोबती हजरत जाबिर यांनी सांगितलं आहे. लगेच लोकांनी विचारलं, मेलेल्या जनावराच्या चरबीचं काय? ती होड्यांना लावतात, कातड्याला चोळतात, दिव्यात जाळतात. उत्तर आलं, नाही, ती हरामच. आणि पूर्वी काही लोकांनी मनाई असलेली चरबी वितळवून विकली आणि तिची किंमत खाल्ली, याचा त्याच वेळी निषेध झाला. म्हणजे वस्तूचं रूप बदललं, हात बदलले, मधे पैसा आला, तरी हुकूम मागोमाग येतो. दारूच्या बाबतीत तर हदीसमध्ये, म्हणजे रसूलुल्लाह यांच्या वचनांच्या नोंदीत, दहा जणांवर लानत आहे. गाळणारा, गाळून घेणारा, पिणारा, वाहून नेणारा, ज्याच्याकडे नेली तो, पाजणारा, विकणारा, तिची किंमत खाणारा, विकत घेणारा आणि ज्याच्यासाठी घेतली तो.

पण हेही आम्हाला नीट शिकवलं जात नाही. हनफी फिक्हमध्ये, म्हणजे इमाम अबू हनीफा यांच्या पंथाच्या कायद्यात, दारू आणि डुक्कर यांना मुसलमानाच्या हातात कायदेशीर मोलच नाही, म्हणून असा सौदा मुळातच बातिल. दुसरीकडे मेलेल्या जनावराचं कातडं कमावल्यावर पाक होतं आणि विकता येतं. शेणखताची विक्री हनफींकडे चालते, शाफई या दुसऱ्या पंथाकडे चालत नाही. शिकवलेल्या कुत्र्याच्या विक्रीबद्दलही दोन्हींत फरक आहे. सांगायचं एवढंच की मनाईची यादी लहान आहे, विचारपूर्वक केलेली आहे, आणि तिच्याबाहेरचं जग फार मोठं आहे. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा आणि द्राक्षबागांचा. इथल्या माणसाला पडणारे प्रश्न ई-471 पेक्षा अवघड आहेत. कारखान्यातली मळी टँकरमध्ये भरून नेणाऱ्या आमच्या ड्रायव्हरने काय समजायचं? मळीपासून स्पिरिट होतं. त्याची दारू होते, औषधं होतात आणि पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉलही होतं. ज्याची दारू होणार हे ठाऊक आहे अशाला द्राक्षाचा रस विकावा का, या प्रश्नावर इमाम अबू हनीफा यांनी मुभा दिली, कारण रसाच्या विक्रीनंतर तो विकत घेणाऱ्याच्या हातून बदलतो. त्यांचे दोन थोर शागीर्द, इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद यांनी ते मकरूह, म्हणजे नापसंत, मानलं. मळीच्या टँकरला यातलं काय लागू पडतं, हे त्या ड्रायव्हरला व्हॉट्सॲप सांगणार नाही. ते आपल्यापैकी कुणीतरी मिंबरवरून सांगायला हवं.

आता सौद्याकडे येतो, कारण खरी उपासमार तिथे आहे.

मदीनेच्या बाजारात रसूलुल्लाह एका धान्याच्या ढिगापाशी थांबले आणि ढिगात हात घातला. बोटांना ओल लागली. विचारलं, हे काय? धान्यवाला म्हणाला, पाऊस लागला. फर्मावलं, मग ते वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं. जो फसवतो तो माझा नाही. सहीह मुस्लिम या संग्रहातली ही हदीस. ते धान्य हलालच होतं. पाऊसही त्या माणसाने पाडला नव्हता. ओलं धान्य विकायलाही मनाई झाली नाही, फक्त ते वर ठेवायला सांगितलं.

आमच्या धंद्यात हा ढीग रोज दिसतो, फक्त तो घडीचा असतो. मागावर धागा तुटतो आणि चादरीत एक रेघ रिकामी राहते. कुठे तेलाचा डाग पडतो, कुठे किनार आखडते. असा डागी माल कुणाच्याही कारखान्यात निघतो, त्यात गुन्हा काही नाही. पण नंतर घडी घालताना ती रेघ आतल्या पदरात जाते, वर मोर किंवा नक्षी येते, प्लॅस्टिकची पिशवी चढते, आणि पहिल्या दर्जाच्या भावात चादर जाते. टॉवेलमध्ये खळ. खळ जास्त मारलेला कपडा हाताला भरगच्च लागतो, वजनकाट्यावर जड भरतो, आणि पहिल्या धुण्यात निम्मा रुबाब पाण्यात जातो. कच्च्या रंगाचंही तसंच. विकणाऱ्याला ठाऊक असतं. हात लावला की आम्हाला कळतं, त्यासाठी यंत्र लागत नाही. तेच भुवनेश्वरच्या किंवा नागपूरच्या गिऱ्हाइकाला कळायला एक महिना लागतो.

त्याहून मोठी गोष्ट नावाची. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे. मोमीन आणि पद्मशाली विणकरांच्या पिढ्यांनी ते नाव कमावलं. बाहेरून आलेल्या स्वस्त चादरीवर ‘सोलापुरी’ लिहून ती विकणं हे सरकारी कायद्यात गैर आहेच, पण फिक्हमध्ये त्याला तदलीस म्हणतात, म्हणजे सोंग घेतलेला माल. विकत घेणारा नाव पाहून जादा पैसे मोजतो. नाव खोटं असेल तर ते जादा पैसे आपल्या घरात कोणत्या हक्काने येतात? आमच्यापैकी किती जण याला हरामच्या खात्यात धरतात?

इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्याचे कापडवाले होते, रेशमी वस्त्राचे व्यापारी. ज्यांच्या मसलकवर आपण चालतो ते गादीवर बसलेले गृहस्थ होते, हे सोलापूरसारख्या कापडाच्या गावात मुलांना सांगायला हवं. त्यांच्या चरित्रात येतं, की त्यांनी आपले भागीदार हफ्स यांच्याकडे माल पाठवला आणि बजावलं, त्यातल्या एका कापडात खोट आहे, विकताना सांगा. हफ्स सांगायला विसरले, गिऱ्हाईक कोण तेही लक्षात राहिलं नाही. इमाम साहेबांना कळलं तेव्हा त्या मालाची सगळी किंमत त्यांनी सदका (दान) करून टाकली. त्यातला नफा तेवढा काढून दिला असं झालं नाही, सगळीच किंमत गेली. एका कापडाची खोट न सांगितल्याने पूर्ण रक्कम संशयाची झाली, असं त्यांनी मानलं.

यातूनच एक अगदी साधी गोष्ट निघते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ ही पाटी नवी पेठेपासून विजापूर वेशीपर्यंत दुकानोदुकानी आहे, मुसलमान दुकानदारांकडेही. शरीयतने गिऱ्हाइकाला खियारुल ऐब दिला आहे. माल घेतल्यावर असा दोष निघाला, जो विकणाऱ्याकडे असतानाच होता आणि गिऱ्हाइकाला दिसला नव्हता, तर त्याला माल परत करून पैसे मागण्याचा हक्क आहे. गिऱ्हाईक मुसलमान आहे की नाही याचा इथे संबंध नाही. हनफी फिक्हमध्ये विकणारा ‘जसा आहे तसा, सगळ्या खोटांसकट देतोय’ असं ठरवून मोकळा होऊ शकतो, हे मला माहीत आहे. पण ते सौदा करताना समोरच्याला सांगून, त्याने कबूल करून होतं. भिंतीवर धूळ खात पडलेल्या पाटीने ते होतं का? आणि खोट ठाऊक असताना ती लपवल्याचं पाप अशा अटीने उतरतं का? हा मसला आपण एका जुम्याला स्पष्ट करा. देशाच्या कायद्याचंही इथे शरीयतशी भांडण नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे, आणि बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवस धरले आहेत. पाटी काढायला एवढं पुरे.

कांद्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सोलापूरच्या बाजार समितीत हंगामात कांद्याच्या गाड्यांच्या रांगा लागतात आणि त्या बाजारात आपली पुष्कळ माणसं आहेत. अडते आहेत, खरेदीदार आहेत, हमाल आहेत, टेम्पोवाले आहेत. गाडी आवारात यायच्या आधीच रस्त्यात, धाब्यावर, गावाच्या शिवेवर शेतकऱ्याला गाठायचं, आज भाव पडलाय म्हणून सांगायचं, आणि उतरत्या भावात माल घ्यायचा, ही चाल जुनी आहे. किती जुनी? अरबस्तानात काफिल्याला शहराबाहेर गाठून माल घेण्याला रसूलुल्लाह यांनी मनाई केली, आणि एका रिवायतमध्ये असंही आहे की असा माल विकणारा नंतर बाजारात आला आणि त्याला खरा भाव कळला, तर सौदा मोडायचा हक्क त्याला आहे. चौदा शतकांपूर्वी शेतकऱ्याला आणि जनावरं घेऊन आलेल्या बदूला (वाळवंटातल्या भटक्याला) बाजारभाव कळण्याचा हक्क मिळाला. हनफी उलेमा सौदा झाला तर तो टिकतो असं म्हणतात, पण अशा फसवणुकीला गुनाह मानतात. आमच्या टेम्पोवाल्याने हे कधी ऐकलं आहे का?

लिलावातही तेच. घ्यायचं काहीच नसताना भाव चढवायला बोली लावणं म्हणजे नजश, त्याला साफ मनाई. उलट बाजूने, चार खरेदीदारांनी आधीच ठरवून बोली न वाढवणं हे शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणं आहे. पोत्याच्या तोंडाशी मोठा कांदा आणि तळाला गोल्टी भरणारा शेतकरीही मदीनेच्या त्या ढिगातच येतो, त्यालाही सूट नाही. वजनात धरला जाणारा कडता, पोत्याच्या खऱ्या वजनापेक्षा जास्त कापलेली घट, ‘आमच्याकडे असंच चालतं’ म्हणून घेतलेले चार कांदे. सूरए मुतफ्फिफीन याच लोकांसाठी आहे. घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना कमी देतात, त्यांची बरबादी. हजरत शुऐब अलैहिस्सलाम यांच्या मदयनच्या कौमला तौहीदच्या, म्हणजे एकच अल्लाह मानण्याच्या, दावतीबरोबरच माप पुरं भरायला सांगितलं होतं.

2023 च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची बातमी देशभर गेली. सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा आणला, किलोला एक रुपया भाव मिळाला, हमाली-तोलाई-गाडीभाडं वजा जाऊन हातात यायचे राहिले 2 रुपये 49 पैसे. धनादेश मिळाला दोन रुपयांचा, आणि तोही पुढच्या तारखेचा. भाव पडला यात कुणा एकाला दोषी धरता येणार नाही. लोकांनी भाव ठरवून द्या म्हणून सांगितलं तेव्हा रसूलुल्लाह यांनी नकार दिला होता, की भाव चढवणारा-उतरवणारा अल्लाह आहे आणि कुणाच्या हक्कावर जुलूम झाल्याचा दावा घेऊन मला त्याला सामोरं जायचं नाही. पण पुढच्या तारखेच्या धनादेशाचं उत्तर वेगळं आहे. ऐपत असणाऱ्याने देणं लांबवणं हा जुलूम आहे, ही सहीह बुखारीची हदीस आहे. अडते, खरेदीदार, आम्ही कापडवाले, सगळे मुदतीवर जगतो. विणकराचं बिल तीन-तीन महिने अडकवून ठेवणं आम्हाला धंद्यातली हुशारी वाटते. व्याज नको म्हणून बँकेतली ठेव टाळणारा माणूस हे सहज करतो. व्याजाबद्दल आपण पुष्कळ सांगता, ते चालू राहू द्या, पण घेणेकऱ्याला फेऱ्या मारायला लावणंही त्याच बयानात येऊ द्या. आणि उधारी लिहून ठेवण्याचा हुकूम कुरआनच्या सगळ्यात मोठ्या आयतीत, सूरए बकराच्या 282 व्या आयतीत आहे, हेही. आमच्या निम्म्या भांडणांचं मूळ तोंडी उधारीत असतं.

सांगोला, मंगळवेढा, पंढरपूरकडे डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागा उक्त्या सौद्यात जातात. फळ हाताशी येण्याआधीच व्यापारी बाग पाहून आकडा ठरवतो. फळ तयार झाल्याचं दिसण्याआधी विकायला हदीसमध्ये मनाई आहे, आणि पुढच्या अनेक वर्षांचं फळ आज विकायलाही मनाई आहे, कारण जे अजून नाहीच त्याची जोखीम एकावर पडते. सहीह मुस्लिममध्ये याहून पुढचं आहे. तू तुझ्या भावाला फळ विकलंस आणि त्यावर आफत आली, तर त्याच्याकडून काहीही घेणं तुला हलाल नाही. तुझ्या भावाचा माल तू नाहक कशासाठी घेशील? गारपीट झाली, तेल्या पडला, अवकाळीने फुलोरा झडला, की आमच्याकडे कोण बुडायचं हे जोरावर ठरतं. कधी शेतकऱ्याचा उरलेला हप्ता बुडतो, कधी लहान व्यापाऱ्याचा दिलेला इसार. इमामांमध्ये या हदीसच्या अंमलाबद्दल मतभेद आहेत. हनफी उलेमा फळ ताब्यात देण्याआधीच्या आणि नंतरच्या नुकसानात फरक करतात. म्हणूनच तर मुफ्ती साहेबांनी सौदा कसा लिहावा याचा एक नमुना करून दिला पाहिजे. शरीयत नुसती मनाई करून थांबलेली नाही. आगाऊ पैसे देऊन पुढे माल घ्यायचा असेल तर सलम आहे, त्यात माप, प्रत आणि मुदत ठरलेली हवी. मालाची ऑर्डर देऊन बनवून घ्यायचं असेल तर हनफींनी इस्तिस्नाला परवानगी दिली, आणि सोलापूरचा निम्मा टॉवेल याच वाटेने तयार होतो. दार उघडं आहे, पण ते कुठे आहे हे दाखवणारा हवा.

जनावरांच्या बाजारात दूध न काढता कास फुगवून म्हैस विकायला आणतात. यावर नावानिशी हदीस आहे, गिऱ्हाइकाला परत करायचा हक्क देणारी. एवढंच लिहून पुढे जातो. सांगोल्याच्या बाजाराला जाणाऱ्यांना जास्त सांगायची गरज नाही.

विडीचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. आपल्या शहरात हजारो बायका, मुसलमान, पद्मशाली, सगळ्या समाजांच्या, घरी विड्या वळून चूल पेटवतात. कुंभारीत विडी कामगारांची 10,000 घरांची वसाहत झाली आणि 2006 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते घरं दिली गेली, यावरून हे काम किती घरांत आहे ते समजावं. तंबाखूवर उलेमांचं एकमत नाही. सतराव्या शतकापासून वाद चालू आहे. दमास्कसच्या शेख अब्दुल गनी नाबुलुसी यांनी ती मुबाह, म्हणजे चालणारी, असल्याचं सांगणारी किताब लिहिली, दुसऱ्यांनी हराम म्हटलं, आपल्याकडच्या पुष्कळ हनफी उलेमांनी मकरूह. आता कॅन्सरबद्दल जे कळलं आहे त्यानंतर अनेक देशांतल्या उलेमांचा कल हरामकडे गेला आहे. हा मसला आपण जसा समजता तसा सांगा. पण माझी विनंती आहे की त्याचा भार सगळ्यात आधी त्या बाईवर टाकू नका. रात्री पानं भिजवायची, सकाळी पत्र्याच्या फर्म्याने कातरायची, दुपारभर मान मोडून वळायची, दोरा बांधायचा, आणि संध्याकाळी माल द्यायला रांगेत उभं राहायचं. तिथे तपासणीत मूठभर विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. त्यांची मजुरी मिळत नाही आणि विड्याही परत मिळत नाहीत. बाजूला काढलेला माल पुढे विकला जात असेल, तर त्या बाईची मजुरी कोणत्या कायद्याने बुडते? बुखारीत हदीसे कुदसी आहे, कयामतच्या दिवशी तीन माणसांविरुद्ध मी स्वतः उभा राहीन, असं अल्लाह फर्मावतो. त्यातला एक तो, ज्याने मजूर लावून काम पूर्ण करून घेतलं आणि मजुरी दिली नाही. तंबाखूवर मतभेद असतील, या हदीसवर एकाचाही नाही. म्हणून बयानात आधी मजुरी घ्या, तंबाखू नंतर. आणि ज्या घरांना यातून बाहेर पडायचं आहे त्यांच्यासाठी जकातच्या पैशातून शिलाई मशीन असो, शिक्षण असो, काही वाट काढा.

गुटख्याला मात्र असा आडोसा नाही. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तो पानटपरीच्या फळीमागे लपवून विकला जातो, आणि विकणाऱ्यांत आपलीही पोरं आहेत. घेणाऱ्याच्या जबड्याचं नुकसान, चोरून विक्री, पोलिसांची भीती, त्यावर चारपट भाव. पोरांना ‘हराम तर नाही ना’ म्हणायची सवय लागली आहे, कारण डुक्कर आणि दारू यांपलीकडे त्यांना काही सांगितलंच गेलं नाही. जीव धोक्यात घालू नका हा कुरआनचा हुकूम आणि इजा देऊ नये, इजा सोसू नये हा फिक्हचा कायदा, या दोन गोष्टींवर एक जुमा खर्च करा. त्यांच्या आया आपल्याला दुआ देतील.

इमाम अबू हनीफा यांचे शागीर्द इमाम मुहम्मद शैबानी यांना कुणीतरी विचारलं, आपण जुह्दवर, म्हणजे दुनियेपासून अलिप्त राहण्यावर, किताब का लिहीत नाही? ते म्हणाले, मी खरेदी-विक्रीवर किताब लिहिली आहे. आणि हजरत उमर रजि. यांचा हुकूम तिर्मिजीच्या हदीससंग्रहात आहे, की ज्याला दीनची समज आहे त्याच्याशिवाय आमच्या बाजारात कुणी विक्री करू नये. उस्मानी (तुर्की) राज्यात 1869 पासून हनफी फिक्हचा पहिला लिखित दिवाणी कायदा, मजल्ला, तयार झाला. 16 भाग, 1851 कलमं, आणि त्यातला पहिला भाग खरेदी-विक्रीचा. या तिघांनाही बाजार हा मशिदीइतकाच दीनचा भाग वाटत होता. जुम्याच्या आयतीतही तेच आहे. अजान झाली की विक्री सोडा, आणि नमाज झाली की जमिनीवर पसरा, अल्लाहचा फज्ल (कृपा) शोधा. आपण आम्हाला पहिला अर्धा उत्तम शिकवला. विजापूर वेशीत जुम्याला शटर खाली येतात. एकदीड तासाने ती वर जातात, तेव्हा काय सोबत घेऊन दुकानात जायचं, ते शिकवायचं राहिलं आहे.

म्हणून मागणी नेमकी लिहितो. महिन्यातला एक जुमा मुआमलातसाठी, म्हणजे व्यवहारांच्या मसल्यांसाठी, ठेवावा, आणि विषय इथलेच असावेत. डागी माल, कडता, मुदतीचे पैसे, उक्ती बाग, छाट, परत न घेण्याची पाटी, ऑनलाइन विकताना हातात नसलेला माल विकणं. इशाच्या (रात्रीच्या) नमाजनंतर व्यापाऱ्यांसाठी दर आठवड्याला एक मजलिस असावी, ज्यात मुफ्ती साहेब बसतील आणि आम्ही आमची बिलं, पावत्या, करार घेऊन येऊ. बायकांना प्रश्न पाठवता यावेत, कारण घरून टॉवेलची, मसाल्याची, कपड्यांची विक्री करणाऱ्या त्याच जास्त आहेत. गिऱ्हाइकाची किंवा शेतकऱ्याची तक्रार एखाद्या मुसलमान दुकानदाराबद्दल आली, तर ती ऐकून घेणारी पाच माणसं जमातने नेमावीत. त्यांत बाजार समजणारा एक असावा, आणि तक्रार करणारा कुठल्याही धर्माचा असला तरी त्याला खुर्ची मिळावी. दंड करण्याचा अधिकार आपल्याला नाही, तो कोर्टाचा. पण समोर बसवून ‘हा पैसा तुझा नाही, परत कर’ एवढं सांगण्याचा अधिकार आपल्यालाच आहे, आणि आमच्यापैकी बहुतेक जण ते ऐकतील. मी या बाजारात वाढलो, म्हणून खात्रीने लिहितो. लोक वाईट नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

यासाठी जागा लागली तर दुकान बंद झाल्यावर माझ्या गोदामात चाळीस-पन्नास माणसं आरामात बसतील. सतरंजी, चहा, पाणी माझ्याकडे लागलं. रमजानच्या आधी सुरू झालं तर बरं, कारण ईदच्या खरेदीत सगळ्यात जास्त घड्या घातल्या जातात. उत्तर मला वेगळं पाठवायची गरज नाही. मशिदीच्या फळ्यावर पहिल्या मजलिसची तारीख लिहिलीत की आम्ही येऊ.

आपला,
चादर-टॉवेलचा एक व्यापारी,
सोलापूर